बाळाच्या अंगावरचा हेमँजिओमा: उपचार करायचा की वाट पाहायची, हे वेळेत कसे ठरवावे

जन्मानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी बाळाच्या अंगावर लाल ठिपका उमटतो आणि पाहता पाहता त्याचा उंचवटा होतो, तेव्हा तो बहुतेक वेळा हेमँजिओमा असतो. हेमँजिओमा म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींची, कर्करोग नसलेली गाठ. शंभरातल्या साधारण ४ ते ५ बाळांना ती होते. मुलींमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये तिचे प्रमाण अधिक असते. या गाठीबाबत दोन चुका सारख्या होताना दिसतात. काही घरांत पाठीवरच्या निरुपद्रवी ठिपक्यासाठी बाळाला नको ते उपाय सोसावे लागतात, तर काही घरांत पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर वाढणारी गाठ ‘आपोआप जाईल’ या एका वाक्यावर सोडून दिली जाते. दुसरी चूक अधिक घडते आणि ती नंतर पूर्णपणे भरून काढता येत नाही.

बहुतेक हेमँजिओमा आपोआप ओसरतात, ही गोष्ट खरी आहे. मात्र ओसरायला वर्षे लागतात आणि वाढ काही आठवड्यांतच उरकते. बाळ साधारण ५ ते ८ आठवड्यांचे असताना गाठ सर्वांत वेगाने वाढते, तीन महिन्यांपर्यंत बहुतेक गाठी आपल्या अंतिम आकाराच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेकींची वाढ संपत आलेली असते. आपल्याकडे नेमक्या याच काळात बाळंतीण माहेरी असते, सव्वा महिना ती आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत, आणि पुढे सासरी विचारून, वडिलांच्या सवडीने डॉक्टरांकडे जायचे ठरेपर्यंत चौथा महिना उजाडतो. म्हणून या लेखातला पहिला नियम असा: धोक्याच्या जागेवरची गाठ असेल, तर बाळ एक महिन्याचे होण्याच्या सुमारास ते जाणकार डॉक्टरांनी पाहिलेले असावे. दवाखान्यासाठी सव्वा महिना मोडावा लागला तरी चालेल.

## टप्पा १: गाठ हेमँजिओमाच आहे ना, याची खात्री

हेमँजिओमाची ओळख त्याच्या चालीवरून पटते. जन्मतः तिथे काहीच नसते, किंवा फिकट पट्टा, मुका मार लागल्यासारखा डाग, बारीक लाल रेषा एवढेच असते. वाढ नंतर सुरू होते. वरच्या थरातली गाठ लालभडक आणि खडबडीत दिसते. खोल असलेली गाठ निळसर, मऊ फुगवट्यासारखी असते, ती उशिरा लक्षात येते आणि काही वेळा नऊ ते बारा महिन्यांपर्यंत वाढत राहते. सावळ्या त्वचेवर लाली कमी उठून दिसते, त्यामुळे रंगापेक्षा उंचवट्याकडे अधिक लक्ष द्यावे.

तिच्याशी गल्लत होणाऱ्या गोष्टी अशा आहेत.

मानेवरचे किंवा पापणीवरचे, बाळ रडताना गडद होणारे सपाट गुलाबी डाग आणि कमरेवरचे निळे-करडे डाग निरुपद्रवी असतात. डाव्या दंडावर जन्मानंतर काही आठवड्यांनी येणारी लहान गाठ बहुधा बीसीजीच्या लसीची असते. ती अपेक्षितच असते, तिला काहीही लावू नये.

जन्मतःच गडद, सपाट असलेला आणि बाळाच्या अंगाबरोबरच वाढणारा वाइनच्या रंगाचा डाग हा वेगळा प्रकार आहे. तो ओसरत नाही. कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असल्यास डोळ्यांतील दाब आणि मेंदू यांच्या दृष्टीने बाळाची तपासणी आवश्यक ठरते.

जन्मतःच पूर्ण वाढलेली गाठ, दगडासारखी टणक गाठ, किंवा जांभळट होऊन अचानक ताठ सुजणारी आणि आजूबाजूला काळेनिळे डाग उमटवणारी गाठ यांना घरी बसून ‘हेमँजिओमा’ म्हणू नये. शेवटच्या प्रकारात रक्तातील प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घटलेल्या असू शकतात, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सावधान: निदान होण्याआधी आणि झाल्यावरही गाठीवर बिब्बा, चुना, तुरटी, काजळ किंवा कोणताही लेप लावू नये, आणि डाग देऊ नये. बिब्ब्याच्या तेलाने मोठ्यांची कातडी भाजते, मग बाळाच्या गाठीवर खोल जखम होणारच. गाठ स्वतःहून जो व्रण मागे ठेवेल, त्याहून मोठा व्रण हे उपाय ठेवतात. शेगडीचा शेक आणि मालिशवाल्या बाईचा हात, दोन्हीही गाठीपासून दूर ठेवावेत. बाकी अंगाला तेल लावायला हरकत नाही. ग्रहणात आईने काय केले याचा या गाठीशी काहीही संबंध नाही, आणि त्यावरून बाळंतिणीला बोल लावणे घरातल्या मोठ्यांनी थांबवावे.

## टप्पा २: नोंद ठेवणे

डॉक्टरांना एका भेटीत गाठीचा आकार दिसतो, वेग दिसत नाही, आणि निर्णय बराचसा वेगावर अवलंबून असतो. त्यामुळे ठिपका दिसल्यापासून दर आठवड्याला ठरलेल्या वारी मोबाइलवर दोन फोटो घ्यावेत, एक समोरून आणि एक बाजूने. बाजूचा फोटो लोक विसरतात, पण उंची त्याच फोटोत कळते. फोटो दिवसाच्या उजेडात, तितक्याच अंतरावरून, शेजारी शिंप्याची टेप किंवा शाळेची पट्टी धरून घ्यावा. फोटो सुंदर दिसावा म्हणून उजेड वाढवणारी किंवा त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी.

फोटोबरोबर एका कागदावर ठिपका पहिल्यांदा केव्हा दिसला, बाळ किती आठवड्यांत जन्मले, जन्माचे वजन आणि आताचे वजन लिहावे. बाळाला धाप, घरघर किंवा हृदयाचा काही त्रास झाला आहे का आणि घरात कोणाला दमा आहे का, तेही लिहावे. हा कागद माता-बाल संरक्षण कार्डाला जोडून ठेवावा, कारण माहेरचा दवाखाना आणि सासरचा दवाखाना यांच्यामध्ये तोंडी माहिती हमखास गळते.

आशाताई प्रसूतीनंतर ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांतल्या २८व्या आणि ४२व्या दिवसाच्या भेटी, तसेच दीड महिन्याची लस, हे सगळे गाठीच्या वेगवान वाढीच्या काळातच येते. या वेळी बाळाचे सगळे कपडे काढून संपूर्ण अंग पाहायला सांगावे आणि गाठी मोजाव्यात. गाठ मांडीवर असेल, तर लसीची सुई दुसऱ्या मांडीवर द्यायला सांगावे.

## टप्पा ३: जागा, आकार आणि वेग यांवरून वर्गवारी

सगळ्या प्रक्रियेचा कणा हा टप्पा आहे. तो सावकाश वाचावा आणि बाळाला समोर घेऊन पडताळावा.

### त्याच दिवशी रुग्णालयात

हनुवटी, जबडा, खालचा ओठ आणि गळ्याचा पुढचा भाग, म्हणजे पुरुषाची दाढी जिथे येते त्या पट्ट्यात पसरलेला हेमँजिओमा असेल आणि बाळाचा श्वास आत घेताना आवाज येत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा दूध पिताना दम लागत असेल, तर श्वासनलिकेतही गाठ असू शकते. अशा बाळांचा त्रास बऱ्याचदा सर्दी-खोकला समजून अंगावर काढला जातो. न थांबणारा रक्तस्राव आणि डोळा उघडू न देणारी गाठ यांसाठीही थांबू नये.

### आठवड्याच्या आत जाणकार डॉक्टरांकडे

पापणीवरची आणि डोळ्याभोवतीची गाठ, विशेषतः १ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी. या वयात डोळा पाहायला शिकत असतो. गाठीने पापणी झाकली किंवा बुबुळावर दाब येऊन नजर तिरकस झाली, तर गाठ पुढे गेली तरी त्या डोळ्याची दृष्टी कायमची मंद राहू शकते. इथे नेत्रतज्ज्ञांची तपासणी हवीच.

ओठ, तोंडाची आतली बाजू, नाकाचा शेंडा आणि कान. ओठावर जखम होते आणि बाळ दूध सोडते. नाकाच्या शेंड्याची ठेवण एकदा बिघडली की ती पूर्ववत होत नाही.

चेहऱ्यावरची २ सेंटीमीटर किंवा अधिक, आणि बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर १ सेंटीमीटरची गाठसुद्धा. डोक्यावर २ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात. मुलीच्या स्तनाग्रावर किंवा त्याच्याजवळ असेल, तर पुढे स्तनाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

लंगोटाच्या जागेची, काखेची, मानेच्या वळीतली गाठ. इथे घर्षण आणि ओल यांमुळे जखम होण्याची शक्यता मोठी असते.

चेहऱ्यावर किंवा डोक्यावर नकाशासारखी पसरलेली, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ. अशा बाळात मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे यांतही दोष असू शकतात, म्हणून एमआरआय, हृदयाचा इको आणि डोळ्यांची तपासणी सांगितली जाते. कमरेखाली मणक्याच्या मध्यरेषेवर पसरलेली गाठ असेल, तर पाठीचा कणा आणि मूत्रमार्ग तपासावे लागतात.

अंगावर पाच किंवा अधिक हेमँजिओमा असतील, तर ते एकेक कितीही लहान असोत, यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी. यकृतात पुष्कळ गाठी आढळल्या तर थायरॉइडचीही तपासणी होते.

### लक्ष ठेवून वाट पाहणे

छाती, पोट, पाठ, हातपाय यांवरची लहान, चपटी, कपड्याखाली झाकली जाणारी, जखम नसलेली गाठ. इथे उपचार न करणे हाच बहुतेक वेळा योग्य उपचार असतो. पण अंगावरची गाठ २ सेंटीमीटरपेक्षा मोठी होत असेल आणि तिची कड कातडीपासून पायरीसारखी वर उठलेली असेल, तर एकदा दाखवावे. जाड आणि उभ्या कडेच्या गाठी ओसरल्यावर सैल कातडी आणि चरबीचा मऊ उंचवटा मागे ठेवतात. रंग जाणे आणि कातडी पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गेली’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गाठींपैकी कित्येकींच्या जागी बारीक लाल रेषा किंवा सुरकुतलेली कातडी उरलेली असते.

तपासून पाहा: ही वर्गवारी बाळ एक महिन्याचे असताना एकदा आणि दोन महिन्यांचे झाल्यावर पुन्हा करावी. आज तिसऱ्या गटात असलेली गाठ दोन आठवड्यांत दुसऱ्या गटात जाऊ शकते.

## टप्पा ४: कोणाला दाखवावे

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची. दुसऱ्या गटातल्या गाठीसाठी मात्र बालरोग आणि त्वचारोग हे दोन्ही विभाग एका छताखाली असलेले ठिकाण बरे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आणि नांदेड, लातूर व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये ही अशी ठिकाणे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा जिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी मिळाली तर सोबत घ्यावी, पण चिठ्ठीसाठी दोन आठवडे घालवू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्याची वाट पाहिली तर निर्णयाचा काळ उलटून जातो.

नमुनेदार गाठीला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागत नाही, निदान पाहूनच होते. शंका असेल किंवा गाठ खोल असेल तर रंगीत डॉपलर सोनोग्राफी पुरते. सुईने तुकडा काढण्याची गरज क्वचितच पडते.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत: ही गाठ अजून वाढीच्या काळात आहे का, काहीच केले नाही तर या जागी मागे काय उरेल, उपचार एक महिना पुढे ढकलला तर काय गमावू, आणि उपचाराचा माझ्या बाळाला विशेष धोका आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नये असे माझे मत आहे, कारण ‘पुढच्या महिन्यात बघू’ हाही एक निर्णयच असतो आणि तो कळून घेतलेला असावा.

## टप्पा ५: पर्याय तोलणे

वाट पाहणे. याचा अर्थ पाठ फिरवणे असा नाही. वाढीच्या काळात फोटो आठवड्याला, नंतर महिन्याला, आणि पुढची भेट ठरलेली.

टिमोलॉलचे थेंब. डोळ्यांच्या काचबिंदूसाठी मिळणारे ०.५ टक्के टिमोलॉल लहान, पातळ, वरवरच्या गाठीवर लावतात. जाड किंवा खोल गाठीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ते कातडीतून रक्तात जाते, म्हणून जखमेवर, ओठाच्या आत किंवा मोठ्या भागावर लावू नये, आणि सांगितलेल्या थेंबांपेक्षा एकही जास्त वापरू नये.

तोंडावाटे प्रोप्रॅनोलॉल. उपचाराची खरी गरज असलेल्या गाठींसाठी आज हेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. हेमँजिओमावरचा त्याचा परिणाम २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो येथे लक्षात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी औषध घेतलेल्या ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण ओसरली होती, तर नुसते बिनऔषधी द्रावण घेतलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. औषध जुने आणि स्वस्त आहे, पण ते हृदयाचे आणि रक्तदाबाचे औषध आहे हे क्षणभरही विसरू नये.

स्टेरॉइड. प्रोप्रॅनोलॉल देता येत नसेल तेव्हाच. तोंडावाटे स्टेरॉइड चालू असताना पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस यांसारख्या जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागू शकतात, म्हणून लस देणाऱ्या परिचारिकेला आधी सांगावे. प्रोप्रॅनोलॉलमुळे लसी थांबवाव्या लागत नाहीत.

लेझर आणि शस्त्रक्रिया. वाढीच्या काळात यांची गरज थोड्याच बाळांना पडते. यांचे खरे काम नंतरचे आहे.

तोलताना एक गोष्ट मोजू नये: बाळ मुलगा आहे की मुलगी. ‘मुलगी आहे, लग्नाचे काय’ म्हणून पाठीवरच्या ठिपक्याला औषध देणे जितके चुकीचे, तितकेच ‘मुलगाच आहे’ म्हणून नाकावरची गाठ सोडून देणे चुकीचे.

## टप्पा ६: प्रोप्रॅनोलॉल सुरू करताना आणि घरी देताना

सुरू करण्याआधी डॉक्टर बाळाचे वजन, हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि छाती तपासतात, आणि गरजेनुसार ईसीजी किंवा इको करतात. दमा, हृदयाचे ठोके फार मंद असणे किंवा हृदय कमकुवत असणे अशा बाळांना हे औषध देत नाहीत. फार लहान, अपुऱ्या दिवसांच्या किंवा इतर आजार असलेल्या बाळांना सुरुवातीला भरती करून घेतात. सुरुवात कमी मात्रेने होते, पहिल्या मात्रेनंतर एक-दोन तास ठोके आणि रक्तदाब मोजतात, आणि मग मात्रा वाढवत नेतात.

घरी देताना क्रम असा ठेवावा: आधी दूध, मग औषध, मग नोंदवहीत वेळ.

१. बाळाने नीट दूध प्यायल्याशिवाय औषध देऊ नये. उपाशीपोटी दिलेल्या औषधाने रक्तातील साखर घसरते, आणि घरी होणारा सर्वांत गंभीर धोका हाच आहे. रात्री बाळ झोपले म्हणून पाजणे चुकवू नये. दोन पाजण्यांमध्ये जास्तीत जास्त किती तास जाऊ द्यायचे, हे बाळाच्या वयानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. एसटीच्या लांब प्रवासातही तेच अंतर पाळावे.

२. मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि मिलिलिटरमध्ये, दोन्ही लिहून घ्यावी. ५ किलोच्या बाळाला दर किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅम सांगितले असेल, तर दिवसाचे १० आणि दोन वेळांत विभागून प्रत्येक वेळी ५ मिलिग्रॅम होतात. हे गणित मात्रा पडताळण्यासाठी आहे, स्वतः ठरवण्यासाठी नाही.

३. गोळी विरघळवून द्यायला सांगितले असेल, तर गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते प्रत्येक वेळी पाकिटावर वाचावे. प्रोप्रॅनोलॉलच्या १०, २० आणि ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या दुकानात मिळतात. वरच्या उदाहरणातल्या बाळाला ४० ची अख्खी गोळी गेली, तर ती एका वेळेच्या मात्रेच्या आठपट होते. हळूहळू विरघळणारी, दीर्घकाळ काम करणारी गोळी बाळासाठी कधीच कुटू नये. मापासाठी चमचा वापरू नये, सुई काढलेली सिरिंज वापरावी.

४. बाळाने औषध ओकून टाकले किंवा थोडे सांडले, तर पुन्हा देऊ नये. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये.

५. उलट्या, जुलाब, दूध न पिणे, छातीत घरघर किंवा धाप यांपैकी काहीही असेल, तर औषध थांबवून डॉक्टरांना विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत जुलाबाची साथ असते तेव्हा हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा, कारण आई शेतावर किंवा कामावर गेल्यावर औषध आजी देते.

हातपाय गार पडणे आणि झोप चाळवणे हे त्रास पुष्कळदा दिसतात, ते पुढच्या भेटीत सांगितले तरी चालते.

सावधान: बाळ घामाघूम, थरथरणारे, लुळे, उठवूनही न उठणारे किंवा झटके येणारे असेल, तर औषध बंद करून तातडीने रुग्णालय गाठावे. बाळ शुद्धीवर असेल तर जाताना दूध किंवा साखरेचे पाणी पाजावे. बेशुद्ध बाळाच्या तोंडात काहीही घालू नये.

तपासून पाहा: बाळाचे वजन वाढेल तशी मात्रा बदलते. प्रत्येक भेटीत वजन झाले का आणि मात्रा पुन्हा लिहिली का, हे पाहावे.

## टप्पा ७: जखम झाली किंवा रक्त आले तर

जखम हा हेमँजिओमाचा सर्वांत जास्त आढळणारा उपद्रव आहे आणि ती फार दुखते. लाल गाठीचा मधला भाग लहान वयातच पांढरट-करडा होऊ लागला, तर लोक ‘बरी होतेय’ म्हणून निश्चिंत होतात. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळात हा बदल बऱ्याचदा जखमेची पूर्वसूचना असतो, म्हणून लगेच दाखवावे. जखम डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने ओलसर आणि न चिकटणाऱ्या पट्टीने झाकलेली ठेवावी. हळद, राख किंवा शंखजिरे लावू नये.

रक्त आले तर स्वच्छ मऊ कापडाने नेमक्या जागेवर, मध्ये कापड उचलून न पाहता, १० ते १५ मिनिटे दाबून धरावे. बहुतेक वेळा रक्त थांबते. नाही थांबले तर दाब तसाच ठेवून निघावे.

## टप्पा ८: औषध थांबवणे आणि त्यानंतर

गाठ फिकी दिसू लागली की औषध सोडून देणे, ही या टप्प्यावरची नेहमीची चूक आहे. उपचार सहसा किमान सहा महिने आणि पुष्कळदा बाळ वर्षाचे होईपर्यंत चालतो. लवकर थांबवले तर गाठ पुन्हा वाढू शकते. थांबवण्याची तारीख आणि मात्रा कमी करण्याची पद्धत डॉक्टरांनीच ठरवावी. थांबवल्यानंतर दोन-तीन महिने आठवड्याचे फोटो पुन्हा सुरू करावेत आणि रंग परत चढू लागला तर त्याच आठवड्यात दाखवावे.

उपचार केलेला असो वा नसो, चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक गाठींचे ओसरणे संपलेले असते. उरलेल्या लाल रेषांसाठी लेझर आणि सैल कातडीसाठी शस्त्रक्रिया यांचा विचार साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान, मूल शाळेत जाण्याआधी करता येतो. त्या भेटीला जाताना पहिल्या महिन्यापासूनचे सगळे फोटो सोबत न्यावेत.